मोरजकर चाळीचं नाक

“कोरोना सगळ्या मुंबईत फिरून येऊ दे. मोरजकर चाळीच्या दारात त्याची गाठ या नाकाशी आहे!”

असं जयवंतभाऊ राऊळांनी शुक्रवारी संध्याकाळी तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, स्वतःच्या नाकावर बोट आपटून दाखवलं, आणि शनिवारी सकाळी त्याच नाकापासून हातभर अंतरावर तव्यातला बांगडा जळून कोळसा झाला तरी नाकाला पत्ता नव्हता.

आता हे नाक म्हणजे काय प्रकरण होतं, ते आधी सांगायला हवं. जयवंतभाऊंनी उभी जवानी मिलच्या रंगखात्यात घालवली. हौदात रंग कमी पडला की मास्तर वाकून बघायचा. जयवंतभाऊ लांबून हुंगून सांगायचे. मिल बंद पडली, तिच्या जागी लोअर परळला काचेचा टॉवर आला, आणि जयवंतभाऊ त्याच टॉवरच्या गेटवर वॉचमन झाले. रंगखातं होतं तिथे कॉफीचं दुकान निघालं. त्याचा वास त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. “करपलेल्या चण्यांचे एवढे पैशे?” असं ते रिटायर होईपर्यंत विचारत होते.

घरी डिलाईल रोडला आल्यावर ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि चाळीचा स्वयंपाक वाचायचे.

“सुनेत्रा, आज कोलंबीचं सुकं काय गो?”

“हो भाऊ.”

“खोबरं कालचं वापरलंस.”

सुनेत्रा दार लावून घ्यायची. दाराने वास थोडाच थांबतो! ही सुनेत्रा तळमजल्यावर ब्लाऊज शिवायची आणि फावल्या वेळात चाळीला बातम्या पुरवायची. लॉकडाऊन लागल्यावर उरलेल्या कापडाचे मास्क तिनेच शिवले, त्यामुळे मोरजकर चाळीतले बापये पैठणीच्या काठाचे आणि बुट्टीदार मास्क लावून दूध आणायला जात होते. कुणाचा मास्क कुणाच्या बायकोच्या ब्लाऊजशी जुळतो, यावरून एकदा भांडणही झालं होतं.

पण ते सोडा. मुद्दा असा की दोन हजार वीस साली सगळ्या डिलाईल रोडवर रुग्ण निघालेल्या इमारती सील करायचे बांबू लागले होते. शेजारच्या चाळीला लागले, पलीकडच्या चाळीला लागले, समोरच्या टॉवरला तर दोनदा लागले, तेही लिफ्टसकट. मोरजकर चाळीला नाही. पाहुणे टाळायचं नाव नाही, संडास सामाईक, नळ सामाईक, भांडणं सामाईक, आणि तरी रुग्ण शून्य. गणपतीच्या वर्गणीच्या फळ्यावर जयवंतभाऊ रोज सकाळी खडूने लिहायचे, “आज रुग्ण : ०”. ते शून्य एवढं गलेलठ्ठ काढायचे की रस्त्यावरून जाणाऱ्या बसच्या वरच्या खिडकीतूनसुद्धा वाचता यावं.

हे शून्य टिकवण्यासाठी चाळीने काय काय केलं, ते विचारू नका. मेथी साबणाच्या पाण्यात धुतली, मग भाजीला फेस आला. दुधाच्या पिशव्या डेटॉलमध्ये बुडवल्या. वर्तमानपत्राला इस्त्री केली, तेव्हा अग्रलेख सुनेत्राच्या इस्त्रीला चिकटून आला. दारात ब्लीचिंगच्या पाण्याचं घमेलं ठेवलं, त्यात पाय बुडवूनच आत यायचं. त्यामुळे चाळीतल्या सगळ्या चपला एकाच रंगाच्या झाल्या आणि रोज कुणी तरी कुणाच्या तरी चपला घालून जायला लागलं. मग कमिटीने ताप मोजायची बंदूक आणली. ती बंदूक कुणालाही एकतीसच्या वर नेईना. त्या हिशोबाने सगळी चाळ केव्हाच वारली होती. खात्री करायला ती उकळत्या चहाच्या पातेल्यावर धरली. पातेलंही नॉर्मल.

अशा वेळी टीव्हीवर सांगितलं की कोरोना झाला की वास जातो. जयवंतभाऊ खुर्चीतून उठून उभेच राहिले. त्यांच्या बायकोच्या, मीराबाईंच्या बरणीत वेंगुर्ल्याहून आलेले सुके बोंबील होते. त्यातला सर्वांत जबरदस्त बोंबील त्यांनी काचेच्या छोट्या बरणीत टाकला आणि चाळीच्या अंगणात मीटिंग बोलावली.

“बाहेरून येणाऱ्याने दारात हा बोंबील हुंगायचा. वास आला तर आत. नाही आला तर सरळ तपासणीला.”

“आणि वास आला की नाही, हे कळणार कसं? बरणीत बोंबील आहे हे पोरासोरांना माहीत आहे,” असं रामदासने विचारलं. रामदास बेस्टमधून रिटायर झालेला कंडक्टर, दुसऱ्या मजल्यावरचा, जयवंतभाऊंचा लहानपणापासूनचा दोस्त. म्हणजे जयवंतभाऊंच्या प्रत्येक बेताला पहिला विरोध त्याचाच.

“तोंडावरून! वास आलेल्या माणसाचं तोंड लपत नाही, रामदास. खाणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं, न खाणाऱ्याच्या भुवया वर जातात. मी बघतो ना.”

“अरे, पण मास्क खाली करून सगळ्यांनी एकाच बरणीत नाक घालायचं? आयुष्यभर मी ओरडलो, पुढे चला, पुढे चला, गर्दी करू नका. तू तर सगळ्यांना एका बोंबलावर आणतोयस!”

“कडकडीत उन्हात वाळलेला बोंबील तो. त्याच्यावर काय जगणार?”

“बोंबील मेलाय, राऊळ. नाकं जिवंत आहेत.”

मतदान झालं. बोंबील प्रचंड बहुमताने निवडून आला. “मतदानाचा हक्क मिळवून दिला बाबासाहेबांनी,” रामदास कपाळाला हात लावून म्हणाला, “आणि तुम्ही तो बोंबलावर खर्च केलात.”

एकच अडचण होती, चिंतामणी वैद्य. तिसऱ्या मजल्यावरचे, बँकेतले, शुद्ध बोलणारे आणि शुद्ध शाकाहारी. ते म्हणाले, “मी तत्त्वतः चाचणीच्या विरोधात नाही. माझ्यापुरतं फक्त साधन बदला.” मग त्यांच्यापुरती हिंगाची डबी आली. तिची चाचणी चिंतामणी अशी देत की बघत राहावं. डबी उघडताच मान मागे, डोळे मिटलेले, भुवया थेट टकलापर्यंत. बँकेच्या नाट्यस्पर्धेत त्यांना एकदा उत्तेजनार्थ बक्षीस होतं.

रोज पहिला मान मात्र जयवंतभाऊंचा. सकाळी दारात स्टूल टाकायचं, बरणी उघडायची, मास्क हनुवटीवर ओढून आत नाक खुपसून एक दीर्घ श्वास घ्यायचा आणि “माल चालू आहे!” असं ओरडायचं. मग रांग लागायची.

रांगेत पहिली कमलाबाई. रामदासची आई, नव्वदीला टेकलेली. ती चाळीबाहेर कधीच जात नव्हती, तिला चाचणीची काही गरज नव्हती. पण डॉक्टरांनी ब्लडप्रेशरपायी तिची सुकी मासळी बंद केली होती. खायला बंदी होती, हुंगायला नव्हती. म्हणून ती सकाळ-संध्याकाळ काठी टेकत दुसऱ्या मजल्यावरून खाली यायची आणि बरणीत नाक घालून उभी राहायची. मागची रांग ओरडायला लागली तरी हलायची नाही.

“आई, पास झालीस, चल,” जयवंतभाऊ म्हणायचे.

“थांब रे. नीट अभ्यास करून पास होऊ दे.”

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि त्यातच विभागातल्या एका क्रीडा मंडळाने ठरवलं की शून्य रुग्णांच्या चाळीचा सत्कार करायचा. रविवारी सकाळी अकरा वाजता. चाळीला मानपत्र आणि जयवंतभाऊंना शाल. शाल घालणार चाळीतली सर्वांत वडीलधारी म्हणून कमलाबाई.

तुम्ही म्हणाल, एका शालीचं एवढं काय! पण मिलमध्ये पंचवीस वर्षं भरली की घड्याळ मिळायचं आणि जयवंतभाऊंचं चोविसावं चालू असताना मिलच बंद पडली. टॉवरच्या गेटवर तर साहेब लोक गाडीची काचही खाली करत नसत. जन्मात एकदा कुणीतरी आपल्या खांद्यावर काहीतरी घालणार, म्हणून जयवंतभाऊंनी शुक्रवारीच पांढरा शर्ट इस्त्रीला दिला, खांद्यांना जरा जास्त कडक कर म्हणून सांगितलं, आणि ती वर लिहिलेली गर्जना केली.

शनिवारी सकाळी मीराबाई नळावर गेल्या. जाताना बांगडा तव्यावर टाकून म्हणाल्या, “बघा हां, मी कळशी भरून येतंय.” जयवंतभाऊ शेगडीशेजारी मोबाईलवर रविवारचं भाषण पाठ करत बसले. थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावरून हाक आली, “ओ राऊळ! मासा जळतोय!” मग दुसऱ्या मजल्यावरून, “बांगडा गेला रे!” मग रस्त्यापलीकडच्या चाळीतून कुणी तरी ओरडलं, “आग लागली काय?” मीराबाई कळशी टाकून धावत आल्या. खोलीत काळाकुट्ट धूर, मध्ये जयवंतभाऊ, आणि भाषण “सन्माननीय व्यासपीठ” इथे येऊन थांबलेलं.

“अवो! बांगडो करपलो! तुमका वास इलो नाय?”

जयवंतभाऊंनी तव्याकडे बघितलं. नाक ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. जसं नाकच घरी नाही, बाहेरगावी गेलंय. तोवर सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या आणि सगळ्या माना राऊळांच्या खोलीकडे वळल्या होत्या. चोवीस वर्षं मुकादमाला तोंड दिलेला माणूस, तो थोडाच गडबडणार! ते गॅलरीत आले, दोन्ही हात वर केले.

“सगळ्यांना वास आला ना?”

“आला!” चाळ ओरडली.

“तिसऱ्या मजल्याला आला?”

“आला!”

“शाबास! उद्याच्या सत्काराआधी सामुदायिक परीक्षा घेतली. मुद्दाम करपवला. अख्खी चाळ पास!”

टाळ्या झाल्या. चाळीने एकमेकांचं अभिनंदन केलं. फक्त रामदास टाळ्या न वाजवता बघत राहिला, आणि मीराबाई तर चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने एकही मासा मुद्दाम करपवलेला नाही, हे जाणून होत्या.

“नाक गेला ना तुमचा?” आत आल्यावर त्यांनी दार लावून विचारलं.

“हळू बोल गो. सर्दी आहे जराशी.”

“सर्दी खंय आसा? नाक तर कोरडा ठाक.”

मग सुरू झाली नाकाची शोधमोहीम. विक्सची डबी हुंगली, नुसता गारवा. कापूर हुंगला, पांढरा दगड. फिनेलची बाटली उघडून धरली, पाणी. चिंतामणींच्या हिंगाची डबी चोरून उघडली, तर तीही गप्प. शेवटी त्यांनी ठरवलं की आता सुप्रीम कोर्टातच जायचं. ते गॅलरीच्या टोकाला सामाईक संडासांसमोर जाऊन उभे राहिले. याच संडासांच्या वासाबद्दल त्यांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या होत्या. मास्क खाली केला, छाती फुगवली, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. हिमालयात उभं राहावं तसं स्वच्छ वाटलं. दुसरा घेतला, तिसरा घेतला. चौथ्याला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

नेमकी त्याच वेळी सुनेत्रा बालदी घेऊन आली. चाळीचा शून्य रुग्णांचा हिरो संडासासमोर डोळे मिटून, पाणावलेल्या चेहऱ्याने दीर्घ श्वास घेतोय! ती पावलं न वाजवता परत फिरली. दुपारी जेवायच्या आत बातमी तिन्ही मजल्यांवर पोचली की राऊळांच्या तब्येतीचं गुपित सापडलं, तिथल्या हवेने म्हणे जंतूंशी लढायची ताकद येते. जेवणानंतर जयवंतभाऊ पुन्हा एकदा खात्री करायला गेले, तर तिथे चटया टाकून प्राणायाम चाललेला. एकाला चक्कर आली होती आणि त्याला वारा घालत होते.

“भाऊ, श्वास किती वेळ कोंडायचा?” एकाने विचारलं.

“जमेल तेवढा,” जयवंतभाऊ म्हणाले. दुसरं काय सांगणार?

खोलीत येऊन ते भिंतीकडे तोंड करून बसले. मीराबाईंनी चहाचा कप लांबून सरकवला.

“उद्या अकरापर्यंतचाच प्रश्न आहे गो,” ते म्हणाले. “शाल झाली की बारा वाजता मी स्वतः तपासायला जाईन. एक तास! एवढे महिने शून्य टिकवलं, एक तास नाही टिकणार?”

“शाल कोण घालतला?”

“कमलाबाई.”

“खांद्यार घालूक ती किती जवळ येतली?”

जयवंतभाऊंनी कप उचलून पुन्हा खाली ठेवला.

“माझा काय, तुमच्या वांगडा एकाच खोलीत मी. व्हायचा ता झाला आसतला. पण ती म्हातारी? मिलचो संप झालो तेव्हा सा म्हयने तिच्याच भाकरी खाल्ल्यात.”

आता जयवंतभाऊंच्या डोक्यात दुसरंच काहीतरी पेटलं. शाल उद्याची गोष्ट होती. बरणी आजची होती. रोज सकाळी त्या बरणीत पहिलं नाक कुणाचं? “माल चालू आहे” म्हणून छातीभर श्वास कोण टाकत होतं? आणि लगेच त्यांच्यामागून कोण, मिनिट मिनिट हलायची नाही? त्यांनी चहा तसाच ठेवला. बरणीचं झाकण गच्च लावलं, वरून चिकटपट्टी गुंडाळली, एकावर एक दोन मास्क चढवले, त्यावर सुनेत्राने शिवलेला तिसरा चढवला आणि खाली जाऊन दारात स्टूल भिंतीला टेकवून बसले. आज चाचणी रद्द एवढंच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. खरं कारण उद्या बारानंतर सांगायचं.

कमलाबाई वेळेवर आली. मागे नेहमीची रांग.

“उघड रे.”

“आई, आज नको.”

“का, कोण मेलं?”

“आज सुट्टी बरणीला.”

“सुट्टी?” कमलाबाईने काठी आपटली. “दुपारी मी काय खाल्लं माहीत आहे तुला? दुधी. बिनमिठाचा. त्या बोंबलाच्या भरवशावर गिळला मी तो. उघड, जयवंता!”

“आई, लांब राहा!”

“मला लांब राहा म्हणतोस? तुझं शेंबडं नाक पुसलंय मी!”

आणि ती हात पुढे करून निघाली. जयवंतभाऊ उठले. त्यांनी बरणी डोक्याच्या वर धरली आणि मागे सरकले. ती पुढे, हे मागे. ती आणखी पुढे. हे आणखी मागे. रांग बघत होती, गॅलऱ्या बघत होत्या, आणि मागे ब्लीचिंगचं घमेलं आहे हे फक्त जयवंतभाऊंना दिसत नव्हतं. टाच अडकली, आणि चाळीचं नाक बैठकीसकट घमेल्यात बसलं. पाणी चहूबाजूंनी उडालं. बरणी मात्र त्यांनी वरच्या वर धरून ठेवली होती.

कमलाबाई त्यांना उठवायला वाकली, तेव्हा ते जिवाच्या आकांताने ओरडले,

“आई, जवळ येऊ नको! मला वास येत नाही! मीच नापास आहे!”

वर कुणाचा तरी कुकर शिट्टी द्यायचा होता, तो देऊन गप्प झाला.

“सकाळचा बांगडा?” सुनेत्राने विचारलं.

“खराच करपला.”

“आणि तो प्राणायाम?”

“तो प्राणायाम नव्हता गो बाई.”

दुपारी चक्कर आलेला माणूस गॅलरीत मटकन खाली बसला.

“शून्य गेलं,” तिसऱ्या मजल्यावरून चिंतामणी वैद्य कळवळून म्हणाले. “सत्कार गेला. बांबू लागणार. अहो राऊळ, उद्या दुपारी बोलला असतात तर काय बिघडत होतं?”

दोन-चार माणसं माना हलवायला लागली होती. तेवढ्यात रामदास रांगेतून बाहेर आला. त्याने आईला हात धरून मागे नेऊन बसवलं, आणि कंडक्टरच्या जुन्या आवाजात, जो आवाज शेवटच्या सीटपर्यंत जायचा, तो बोलला.

“वैद्य, समोरच्या टॉवरमध्ये काय झालं आठवतं? चौदाव्या मजल्यावरचा साहेब ताप लपवून आठ दिवस लिफ्टने फिरला. माळ्यावर माळे आजारी पडले. आपल्या चाळीतला माणूस, उद्या शाल मिळणार म्हणून आज शर्टाला इस्त्री करून बसलेला, तो सगळ्यांसमोर घमेल्यात बसून सांगतो की मला वास येत नाही. याच्यापेक्षा मोठा सत्कार कुठलं मंडळ करणार आहे?”

मग तो फळ्यापाशी गेला. फडकं घेतलं. एवढ्या महिन्यांचं ते गलेलठ्ठ शून्य पुसलं. हात जरा थबकला त्याचा, ते सगळ्यांना दिसलं. मग खडू घेऊन त्याने लिहिलं, “आज रुग्ण : १ (स्वतःहून सांगितलेला)”.

घमेल्यातून आवाज आला, “एक जरा मोठा काढ! बसमधून दिसायला पाहिजे!”

आणि चाळ हसली. हसता हसता कुणीतरी टाळी वाजवली आणि मग ती थांबेचना. कमलाबाई कोपऱ्यातून म्हणाली, “माझा जयवंता पहिल्यापासून खरं बोलतो. उशिरा बोलतो, पण खरं बोलतो.” मग तिने विचारलं, “आता मी पास का नापास, ते कोण सांगणार?”

जयवंतभाऊ उठले. निळ्या पँटचा बसायचा भाग पांढरा झाला होता. त्याच पँटवर, मान ताठ ठेवून ते तपासणीच्या केंद्राकडे चालत गेले. चाळीपासून नाक्यापर्यंत लोक अंतर ठेवून, पण मान देऊन बाजूला होत होते. रिपोर्ट अर्ध्या तासात आला. पॉझिटिव्ह. “जन्मात पहिल्यांदाच कुठल्या परीक्षेचा निकाल एवढ्या लवकर लागला,” असं त्यांनी मीराबाईंना फोनवर सांगितलं.

रविवारी अकरा वाजता सत्काराऐवजी अंगणात तपासणीचं टेबल लागलं. अख्खी चाळ रांगेत. कमलाबाईच्या नाकात काडी गेल्यावर ती म्हणाली, “यापेक्षा बोंबील बरा होता.” ती निगेटिव्ह. मीराबाई निगेटिव्ह. रामदास, सुनेत्रा, प्राणायामवाले सगळे निगेटिव्ह. एकच पॉझिटिव्ह निघाला, आणि तो चिंतामणी वैद्य.

“अशक्य!” चिंतामणी म्हणाले. “मी तर बोंबलाला कधी हातही लावला नाही!”

“वैद्यबुवा,” जयवंतभाऊंनी खोलीच्या दारातून विचारलं, “हिंगाचा वास येतो ना तुम्हाला?”

चिंतामणी आभाळाकडे बघायला लागले.

“कधीपासून नाही येत?”

“गेल्या सोमवारपासून,” चिंतामणी अगदी बारीक आवाजात म्हणाले. “पण डबीत हिंगच आहे हे मला माहीत होतं. मी म्हटलं, उगाच सत्कारात विघ्न कशाला?”

“आणि त्या भुवया?”

“त्या अभिनयाच्या होत्या.”

चाळीने असा काही सुस्कारा सोडला की ब्लीचिंगचं घमेलं हललं असतं. रामदास शांतपणे फळ्याकडे गेला आणि त्याने एकाचे दोन केले. कंसात लिहिलं, “पैकी एक स्वतःहून.” चिंतामणींनी कंसाला तत्त्वतः हरकत घेतली. ती फेटाळण्यात आली.

दुपारी कोविड सेंटरची गाडी आली. जयवंतभाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस विंचरून, पिशवी हातात घेऊन उतरले. चाळीतून आजवर बाहेर पडलेला कुठलाच नवरदेव एवढा ताठ चालला नसेल. आजूबाजूच्या चाळींच्या गॅलऱ्याही भरल्या होत्या. बातमी तिकडेही गेली होती. “तो बघ, तो स्वतः सांगणारा,” असं कुणीतरी पोराला दाखवत होतं. जयवंतभाऊंनी ते ऐकलं आणि ते मुद्दाम सावकाश चालले. मागे चिंतामणी, मफलरमध्ये तोंड लपवून.

“जयवंता, थांब!” वरून कमलाबाईची हाक आली.

दुसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधून काहीतरी खाली येत होतं. गोधडी होती. मिलच्या चिंध्या जोडून कमलाबाईने बसून शिवलेली, रंगखात्यातल्या सगळ्या रंगांची.

“मंडळाची शाल काय, खांद्यावरून घसरते,” ती ओरडून म्हणाली. “ही घे. तिथे पंखे फार जोरात असतात म्हणे.”

जयवंतभाऊंनी दोरी सोडली, गोधडी खांद्यावर घेतली. भर दुपारी, ऑक्टोबरच्या उकाड्यात. घाम फुटला, पण ती त्यांनी खांद्यावरून हलू दिली नाही. वर बघून हात जोडले. तिन्ही गॅलऱ्यांनी हात जोडले. मीराबाईंनी दारातून ओरडून सांगितलं, “येताना गोधडी धुवून हाडा हां!” आणि पदराने डोळे पुसले.

गाडीत दोघं समोरासमोर बसले. चिंतामणी म्हणाले, “जयवंतराव, मनात राग ठेवू नका.” जयवंतभाऊ म्हणाले, “बसा हो. भुवया आता खाली आणा.”

तोपर्यंत पालिकेच्या कंत्राटदाराच्या माणसांनी मोरजकर चाळीच्या दाराला आडवे-उभे बांबू बांधले, दोऱ्या आवळल्या, लाल पट्टी लावली, वर नोटीस डकवली आणि ती माणसं पुढच्या चाळीला निघून गेली. गाडी मात्र हलेना. कारण गाडीचा ड्रायव्हर मघाशी मीराबाईंना विचारून चाळीच्या संडासात गेला होता, तो आता बांबूंच्या आत उभा होता. सील केलेल्या इमारतीतून कुणालाही बाहेर सोडता येत नव्हतं, आणि बांबू सोडायची परवानगी ज्या साहेबांच्या सहीने मिळते, ते साहेब कालपासून क्वारंटाइन होते.